मान हॉलीला, काम आयव्हीला

डिसेंबरात इंग्लंडमधल्या घराभोवतीची बाग बघायला गेलं तर बघण्यासारखं फारसं काही उरलेलं नसतं. गुलाबाच्या नुसत्या काड्या राहिलेल्या असतात, सफरचंदाच्या झाडाने अंगावरचं शेवटचं पानही टाकून दिलेलं असतं आणि हिरवळीवर पाऊल टाकलं की बूट चिखलात रुततो. अशा दिवसांत हिरवं म्हणून जे काही टिकून असतं, त्यात दोन नावं हमखास निघतात: हॉली आणि आयव्ही. ब्रिटनच्या मातीत बारा महिने हिरवं राहणारं देशी असं फार थोडं आहे. स्कॉट्स पाइन, यू आणि ज्युनिपर हे तीन सूचिपर्णी वृक्ष सोडले, तर रुंद पानांच्या मंडळींत हॉली, आयव्ही आणि बॉक्स एवढीच नावं पटकन आठवतात. त्यामुळे एक काटेरी झाड आणि एक चढणारी वेल अशी ही विजोड जोडी शेकडो वर्षं एकाच अंगणात नांदते आहे. एकत्र नांदणं आलं की कामाची वाटणी आली, आणि कामाच्या वाटणीमागोमाग श्रेयाची वाटणी आली. या दोन वाटण्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो हे संसार केलेल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे, की हॉली आणि आयव्हीच्या बाबतीत हा घोळ इतका जुना, इतका ठळक आणि इतका कागदोपत्री आहे, की घरात ज्याला कुणाला ‘तुम्ही दिवसभर करता काय?’ असं विचारलं जातं, त्याने या बागेचा एकदा नीट अभ्यास करावा.

झाडावेलींच्या संसारात नवरा-बायको शोधायचा चावटपणा माझा नव्हे. तो इंग्रजांनी पंधराव्या शतकातच करून ठेवला आहे. त्या काळच्या गाण्यांत हॉली म्हणजे पुरुष आणि आयव्ही म्हणजे बाई असा सरळ हिशेब आहे, आणि दोघांत श्रेष्ठ कोण यावर चक्क भांडणं लावलेली आहेत. अशा एका गाण्यात हॉली दिवाणखान्यात ऐटीत उभा आहे आणि आयव्ही दाराबाहेर थंडीत कुडकुडते आहे. म्हणून मीही जुन्या रीतीला धरून हॉलीला ‘तो’ आणि आयव्हीला ‘ती’ म्हणणार आहे. पुढे नाताळचं जे प्रसिद्ध गाणं या दोघांच्या नावाने गायलं जातं, ते सेसिल शार्प या लोकगीतांच्या संग्राहकाने ग्लॉस्टरशरमधल्या चिपिंग कॅम्डन गावी एका बाईंकडून ऐकून उतरवून घेतलं आणि १९११ साली छापलं. गाण्याच्या नावात दोघंही आहेत, पहिल्या ओळीतही दोघं आहेत. त्यानंतर जंगलातल्या सगळ्या झाडांचा मुकुट हॉलीच्या डोक्यावर चढतो आणि पुढची कडवी त्याचं फूल, त्याचं फळ, त्याचा काटा, त्याची साल यांची वाखाणणी करण्यात संपतात. आयव्ही त्यांत कुठेच उगवत नाही. लग्नपत्रिकेवर नाव असावं आणि पंगतीत पान नसावं, तशी तिची गत आहे. टेनबरी वेल्स या वूस्टरशरमधल्या गावात दीडशेहून अधिक वर्षं नाताळाआधी हिरव्या फांद्यांचा लिलाव भरतो आणि लांबलांबचे व्यापारी मोळ्या उचलायला येतात. तो ओळखला जातो हॉली आणि मिसलटोचा लिलाव म्हणून. मिसलटो हे तर झाडांच्या फांद्यांवर उगवून त्यांच्याच रसावर जगणारं बांडगूळ. पण पाटीवर त्याचंही नाव आहे. इतकंच काय, मुंबई-पुण्याच्या बेकऱ्यांत नाताळच्या केकवर जी प्लॅस्टिकची दोन काटेरी पानं आणि लाल मणी खोचलेले असतात, तोही हॉलीच. ज्या देशात त्याचं रोपटं सहसा कुणी पाहिलेलं नाही, तिथे त्याची प्रतिमा पोचली आहे. प्रसिद्धी खातं चांगलं असलं की असं होतं.

आता या मानाचं मूळ कशात आहे ते बघू. लाल फळांत. ऐन थंडीत गडद चकचकीत पानांमधून लालभडक फळांचे घोस लोंबत असतात, हे दृश्य खरोखरच देखणं असतं, त्यात वाद नाही. वाद पुढे आहे. हॉलीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मे महिन्याच्या सुमारास पानांच्या बगलेत बारीक पांढरी फुलं येतात. चष्मा लावून जवळ गेलं तर भेद स्पष्ट दिसतो: नराच्या फुलात चार पाकळ्यांमध्ये चार पुंकेसर पिवळ्या परागांनी भरलेले असतात, मादीच्या फुलात मधोमध हिरवा टपोरा बीजकोश असतो आणि पुंकेसर असतात ते नावापुरते. मधमाशी एकाचं दुसऱ्याला पोचवते, आणि फळ धरतं ते अर्थातच मादीवर. म्हणजे ज्या फळांच्या जोरावर गाण्यांनी हॉलीला पुरुषोत्तम ठरवलं, ती फळं पुरुष-झाडाला जन्मात येत नाहीत. घोटाळा इथेच थांबत नाही. रोपवाटिकांत मिळणाऱ्या हॉलीच्या जातींमध्ये ‘गोल्डन किंग’ ही मादी आहे, आणि ‘गोल्डन क्वीन’ व ‘सिल्व्हर क्वीन’ हे दोघेही नर आहेत. फळांच्या आशेने एखाद्या भल्या गृहस्थाने अंगणात दोन राण्या आणून लावल्या, तर दोन्ही राण्या वर्षानुवर्षं मिशांवर ताव देत उभ्या राहतील आणि फळ एक धरायचं नाही. राजा आणून लावला की तो बाळंत होईल. तेही आसपास एखादी राणी असेल तरच. नावं ठेवणाऱ्याने फूल बघितलं नसेल किंवा बघूनही पानाच्या सोनेरी कडेवर भाळला असेल. दोन्हींत निष्कर्ष एकच: श्रेय वाटणाऱ्याने काम कोण करतंय हे तपासण्याची तसदी घेतलेली नाही. डार्बीशरकडची एक जुनी समजूत तर याहून बहारीची आहे. नाताळात घरात पहिल्यांदा काटेरी हॉली आली तर वर्षभर नवऱ्याचं राज्य, बिनकाट्याची आली तर बायकोचं. वास्तविक काट्यांचा नर-मादीपणाशी काहीही संबंध नाही. मादीच्या अंगावरही भरपूर काटे असतात. पण घरात सत्ता कुणाची हा प्रश्न वनस्पतिशास्त्रावर सोपवण्याइतकी निकड त्या घरांना भासत होती, एवढं त्यावरून नक्की दिसतं.

फळांचं श्रेय काढून घेतलं तर हॉलीचे पुरस्कर्ते काट्यांकडे वळतात. घराच्या संरक्षणासाठी हॉली, हे त्यांचं दुसरं आवडतं विधान. जादूटोणा आणि वीज यांपासून हॉली घराचं रक्षण करतो असा समज युरोपात फार जुना आहे, आणि आज जादूटोण्याची जागा चोरांनी घेतल्यावर ब्रिटनमधल्या पोलिसांच्या सल्ल्यांतही कुंपणाला काटेरी झुडपं लावा म्हणताना हॉलीचं नाव येतं. काटे आहेतच, नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ते कुठे आहेत तेही बघावं. हॉलीच्या खालच्या फांद्यांवरची पानं काट्यांनी भरलेली असतात आणि उंच झाडाच्या वरच्या फांद्यांवरची पानं बरीचशी गुळगुळीत असतात. कवी रॉबर्ट साउदी याने अठराव्या शतकाच्या अखेरीस यावर कविताच केली होती. अलीकडे स्पेनमध्ये एरेरा आणि बसागा या शास्त्रज्ञांनी असं दाखवलं, की हरणं-बकऱ्या पानं ओरबाडतात तिथे हॉली जास्त काटेरी पानं काढतो, आणि एकाच झाडाच्या काटेरी आणि गुळगुळीत पानांत जनुकांवरच्या रासायनिक खुणा वेगळ्या आढळतात. याचा साधा अर्थ असा, की हॉली घराचं संरक्षण करत नसतो, स्वतःचं करत असतो. घर मध्ये आलं तर तो योगायोग. आणि संरक्षण म्हणाल तर त्याचा निकाल १६९८ सालीच लागलेला आहे. जॉन एव्हलिन हा वृक्षांवर ग्रंथ लिहिणारा मोठा जाणकार. लंडनजवळ डेप्टफर्डला त्याचं सेज कोर्ट नावाचं घर होतं आणि तिथल्या हॉलीच्या कुंपणाचा त्याला कोण अभिमान! चारशे फूट लांब, नऊ फूट उंच, पाच फूट जाड, आणि अभेद्य, असं त्याने छापून ठेवलं आहे. त्या वर्षी हे घर जहाजबांधणी शिकायला आलेल्या रशियाच्या झार पीटरला राहायला दिलं गेलं. झारची करमणूक म्हणजे हातगाडीत बसायचं आणि ती कुणाकडून तरी धाडकन या अभेद्य कुंपणात घुसवून घ्यायची, असं सांगतात. तो गेल्यावर नुकसानीचा अंदाज काढायला ख्रिस्तोफर रेन यांना, म्हणजे सेंट पॉल कॅथीड्रल उभारणाऱ्या वास्तुविशारदाला, बोलवावं लागलं आणि घर, सामान, बाग मिळून साडेतीनशे पौंडांच्या घरात रक्कम निघाली. तरीही एव्हलिनने आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत झारचे उपरोधाने आभार मानत बाग उद्ध्वस्त झाल्याचं लिहिलं आणि त्याच वाक्यात कुंपण मात्र अभेद्यच ठेवलं. एकदा एखाद्याला कर्तबगार ठरवलं की हातगाडी आरपार गेली तरी मत बदलायचं नसतं.

आता दाराबाहेर कुडकुडत उभ्या असलेल्या बाईंकडे वळू. आयव्हीला फुलं येतात सप्टेंबर ते नोव्हेंबरात, म्हणजे बाकी सगळ्या बागेने दुकान आवरल्यावर. फुलं तरी कशी? हिरवट पिवळी, लिमलेटच्या गोळीएवढ्या गोल झुबक्यांत, पाकळ्या अशा की असून नसल्यासारख्या. फुलदाणीत ठेवायला कुणी नेणार नाही. पण ऑक्टोबरच्या एखाद्या उबदार दुपारी अशा फुललेल्या आयव्हीजवळ उभं राहिलं तर आधी आवाज येतो आणि मग दिसतं: मधमाश्या, गांधीलमाश्या, फुलमाश्या, रेड ॲडमिरल फुलपाखरं, सगळ्यांची एकच झुंबड. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रायटनच्या परिसरात पोळ्याकडे परतणाऱ्या मधमाश्यांच्या पायांवरच्या परागगोळ्या तपासल्या, तेव्हा शरद ऋतूत शंभरातल्या सुमारे ८९ गोळ्या एकट्या आयव्हीच्या निघाल्या. २०१४ साली छापलेल्या त्या निबंधाच्या शीर्षकातच आयव्हीची कदर होत नाही अशी तक्रार आहे; शास्त्रीय निबंधाच्या शीर्षकात गाऱ्हाणं यावं म्हणजे पाणी किती डोक्यावरून गेलं असेल बघा. आयव्हीवरच मुख्यत्वे गुजराण करणारी एक खास मधमाशीही आहे. तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली ती १९९३ मध्ये, आणि इंग्लंडमध्ये ती पहिल्यांदा दिसली २००१ मध्ये, डॉर्सेटच्या किनाऱ्यावर. घरच्या बाईचे पाहुणे कोण हेसुद्धा इतक्या उशिरा लक्षात आलं. फुलांनंतर काळी फळं धरतात, ती भर थंडी ओसरता ओसरता पिकतात. तोपर्यंत इतर झुडपांची फळं संपलेली असतात आणि ब्लॅकबर्ड, थ्रश, रानकबुतरं रिकाम्या पोटी हिंडत असतात. त्यांना हा स्निग्ध, पोटभरीचा खुराक मिळतो. सगळे जेवून उठल्यावर कुणीतरी उशिरा येणार म्हणून ताट झाकून ठेवणारं एक माणूस घरात असतं. त्याचा फोटो भेटकार्डावर येत नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात दणकट आक्षेप येतो: ती भिंत खाते. इंग्लंडमध्ये घर विकत घेताना पाहणी करणाऱ्या तज्ज्ञाच्या अहवालात आयव्हीचा उल्लेख आला की घेणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. हॅरो, स्लाव, रेडिंगकडे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाच्या तर दोन्हीकडून कानीकपाळी ओरडलं जातं. तिकडे तज्ज्ञ आणि इकडे व्हिडिओ कॉलवर सदाशिव पेठेतले काका: ‘अरे, भिंतीवर केवढं रान माजलंय, आधी उपटून टाक!’ काकांचं चुकत नाही. वाड्याच्या भिंतीत उगवलेला पिंपळ बघत त्यांचं आयुष्य गेलेलं असतं आणि पिंपळाची मुळी चिरा फोडून पलीकडच्या बिऱ्हाडात निघते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण आयव्हीची जात वेगळी. भिंतीला चिकटतात ती तिच्या खोडावरची बारीक केसाळ मुळं. ती एक चिकट स्राव सोडून पृष्ठभागाला घट्ट धरतात. अन्नपाणी मात्र ती जमिनीतल्या मुळांनीच घेते. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या हेदर वाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेसाठी जुन्या भिंतींचा काही वर्षं अभ्यास केला. त्यांना आढळलं, की आयव्हीने झाकलेली भिंत उन्हात कमी तापते, थंडीत कमी गारठते, आणि गोठण्या-वितळण्याच्या चक्रापासून व हवेतल्या काजळीच्या कणांपासूनही तिचा बचाव होतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी आणि रेडिंग विद्यापीठाच्या प्रयोगांतही भिंतींवरच्या वेलींमध्ये उन्हाळ्यात गारवा राखण्यात आयव्ही सरस ठरली. अट एकच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही: भिंतीला आधीच भेगा असतील, विटांमधला चुना भुसभुशीत झाला असेल, तर ती त्या फटीत शिरते आणि फट वाढवते. पन्हळी तुंबवणं आणि कौलांखाली घुसणं हे उद्योगही ती करते. म्हणजे धड घराला ती सांभाळते आणि आधीच पोखरलेल्या घराचं बिंग फोडते. घराला तडे गेले की दोष तिला द्यायचा, हा प्रघात मात्र भिंतींच्या पुष्कळ आधीचा असावा.

दुसरा आक्षेप असा, की ती झाडांचा गळा आवळते, त्यांचा रस शोषते. याला पुरावा नाही. ती बांडगूळ नव्हे. तीस मीटरपर्यंत चढली तरी झाडाकडून तिला हवा असतो तो फक्त आधार. म्हाताऱ्या, वठत चाललेल्या झाडाचा शेंडा विरळ झाला, की तिला वर ऊन मिळतं आणि ती तिथे फोफावते. मग लोक मेलेलं झाड बघतात, त्यावरची जिवंत आयव्ही बघतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. सासऱ्यांना खोकला आधीपासूनच होता, हे कोण लक्षात घेतो? एवढं मान्य करावं लागेल, की अशा खिळखिळ्या झाडावर तिचा भार वाढला तर वादळात ते पडण्याचा धोका वाढतो. तिसरी तक्रार अंगाला खाज सुटण्याची. तिच्या चिकाने काहींच्या त्वचेवर पुरळ येतो हे खरंच आहे, छाटणी करताना हातमोजे घालावेत हे उत्तम. हॉलीची छाटणीही कुणी उघड्या हातांनी करत नाही, फरक इतकाच की तिथे त्याला बाणेदारपणा म्हणतात. शिवाय तिच्या बदनामीत अमेरिकेतल्या पॉयझन आयव्हीचा मोठा वाटा आहे. ती आयव्हीच नव्हे. अंगावर फोड आणणारी ती वेल आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली, म्हणजे नातं लावायचंच झालं तर ती आपल्या हापूसची लांबची बहीण. पाप हापूसच्या माहेरचं आणि बट्टा हिच्या नावाला. याची भरपाई म्हणून तरी ‘आयव्ही लीग’ हिच्या वाट्याला आली असेल असं वाटतं. ज्या नावापायी आपल्याकडे बारावीच्या मुलांचे आईबाप मुदत ठेवी मोडायला निघतात, त्या विद्यापीठांच्या लाल विटांवरची हिरवळ म्हणजे आयव्हीच ना? तर तिथल्या बऱ्याच भिंतींवर दिसते ती बॉस्टन आयव्ही. ती द्राक्षाच्या कुळातली, थंडीत पानं झाडणारी, आणि बॉस्टनचीही नव्हे, मूळची चीन-जपानकडची. बोलणी खाताना नाव हिचं, सत्काराला भलतीच हजर.

कुणी म्हणेल, अमेरिकेचं नाव काढलंच आहे तर पुढचंही सांगा. सांगतो. युरोपातून गेलेली आयव्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जंगलांत मोकाट पसरली आहे. ती जमीन व्यापते आणि तिथल्या देशी झाडोऱ्याला उगवू देत नाही. ऑरेगन राज्याने २०१० मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली. पोर्टलंड शहरात ती उपटून काढणाऱ्या स्वयंसेवकांनी आपल्या मोहिमेला ‘नो आयव्ही लीग’ असं नाव ठेवलं होतं. हा आरोप खरा आहे आणि तिथल्या घरमालकाने ती लावू नये हेच योग्य. पण त्याच किनाऱ्यावर तोच युरोपीय हॉलीही पक्ष्यांच्या पोटातून जंगलात शिरला आहे आणि तिथले वनरक्षक त्याच्याही नावाने बोटं मोडतात. तरी त्याच ऑरेगनमध्ये त्याचे मळे आहेत आणि नाताळासाठी त्याच्या फांद्या खोक्यांत भरून दूरदूर पाठवल्या जातात. गुन्हा एक, आरोपी दोन. एकावर बंदी आणि दुसरा शेतमाल. इंग्लंडच्या कायद्यात तर याहून मौज आहे. शेजाऱ्याचं कुंपण उंच वाढून आपला उजेड अडवत असेल तर नगरपालिकेकडे दाद मागायची सोय २००३ च्या समाजविघातक वर्तनाच्या कायद्यात केलेली आहे. दोन किंवा अधिक सदाहरित झाडाझुडपांची ओळ आणि उंची दोन मीटरहून जास्त, अशी त्याची व्याख्या. हॉलीचं कुंपण त्यात बसतं. आयव्ही वेल असल्यामुळे बसत नाही. वरवर पाहता ही सवलत आहे, आणि हॉलीच्या बाजूचे लोक ती तिच्यावरची मेहेरबानी म्हणून सांगतीलही. बारकाईने पाहिलं तर जुनंच वळण दिसतं. समाजविघातक ठरायलासुद्धा आधी मोजदादीत यावं लागतं, आणि तिची मोजदाद झालेलीच नाही.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे. हॉलीच्या पदरात काहीच का टाकत नाही? टाकायला हवं. मे महिन्यातली त्याची फुलं मधमाश्यांना आवडतात, दाट काटेरी फांद्यांत लहान पक्ष्यांची घरटी सुरक्षित राहतात, आणि सावलीतही तो तक्रार न करता वाढतो. फळंही पक्ष्यांच्या पोटात जातात. मात्र तिथे एक गंमत होते. मिसल थ्रश नावाचा दांडगा पक्षी फळांनी लगडलेला एखादा हॉली हेरून ठेवतो आणि हिवाळाभर त्यावर पहारा देतो. दुसरा पक्षी जवळ आला की कर्कश ओरडत अंगावर जातो. यजमान दिलदार असेल, पण दारात वॉचमन बसलेला आहे. आयव्हीच्या पंगतीला अशी राखण करणं त्या बहाद्दरालाही जमण्यासारखं नाही, कारण ती भिंतीवर, कुंपणावर, पडक्या छपरावर सगळीकडेच वाढलेली असते. दोघांचा खरा हिशेब कुणी ठेवला असेल तर तो हॉली ब्लू या निळ्या फुलपाखराने. त्याची वसंतातली पिढी अंडी घालते हॉलीच्या कळ्यांशी, आणि त्यातून निघालेली उन्हाळ्यातली पिढी घालते आयव्हीच्या कळ्यांशी. म्हणजे त्या संसाराला दोघंही लागतात आणि सारखेच लागतात. माणसांनी त्याचंही नाव ठेवलं ते एकट्या हॉलीवरून.

तेव्हा घराभोवती काय लावावं, असं कुणी विचारलं तर उत्तर ‘दोन्ही’ हेच आहे, फक्त कुणाकडून काय मागायचं ते ठाऊक असावं. हॉली लावायचा तर नावावर न जाता रोपवाटिकेत नर की मादी ते विचारून घ्यावं, किंवा ‘जे. सी. व्हॅन टोल’सारखी एकट्यानेही फळणारी जात आणावी. फळं दिसायला गोड असली तरी विषारी आहेत, ती पोरांच्या तोंडात जाणार नाहीत हे बघावं. आयव्ही लावायची तर आधी भिंत ठाकठीक करावी आणि पन्हळीच्या खाली वीतभर जागा मोकळी ठेवावी. छाटायचं काम पक्षी घरटी करतात त्या दिवसांत काढू नये. वापरातलं घरटं मोडणं हा तिकडे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. राहता राहिला तिला मान देण्याचा प्रश्न. इथे मात्र जपून पाऊल टाकायला हवं. आयव्हीचं एक वैशिष्ट्य असं, की ती चढत असते तोवर पोरवयातच असते: पानं कोनदार, फूल नाही, फळ नाही. वर पोचली, भरपूर ऊन मिळालं आणि काही वर्षं कुणी कात्री लावली नाही, की मग ती वयात येते. पानांचे कोन जातात, फांद्या भिंतीपासून सुटून झुडपासारख्या पुढे येतात, आणि तेव्हाच ती फुलते. म्हणजे जिथे घरमालक कौतुकाने दर पंधरवड्याला कात्री घेऊन तिला वळण लावत असतो, तिथे ती जन्मभर बिनफुलाची राहते. आणि ज्या परसातल्या कोपऱ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलेलं नसतं, तिथे ती शेकडो माश्या आणि डझनावारी पक्षी पोसते. उद्या तिच्यावर गाणी झाली, लिलाव भरले, स्पर्धा लागल्या, तर तिची रोज छाटणी होईल आणि मधमाश्या उपाशी मरतील. तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाला तिच्यासाठी खरोखरच काही करायचं असेल, तर त्याने शिडी आणि कात्री खोलीत ठेवावी, खुर्ची ओढावी आणि काहीही करू नये. या कामाचा त्याचा अनुभव दांडगा आहे, आणि त्याचं श्रेय त्याला मिळायला या खेपेला कुणाचीच हरकत असणार नाही.